सुट्या भागांची संहिता : ड्रॅग रेसिंग मोटारींच्या मिश्र-किट प्रतिकृतींचा सौंदर्यविचार

लघुप्रतिकृती या वस्तूकडे आपण कलाविचाराच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. तिची गणना छंदात, फार तर हस्तकौशल्यात होते आणि तिच्याविषयी बोलताना 'हुबेहूब' या एका विशेषणापलीकडे आपली परिभाषा जात नाही. प्रस्तुत लेखात या वस्तूच्या एका विशिष्ट आणि काहीशा अनौरस मानल्या गेलेल्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिकच्या मोटार-किटांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. या किटांतील भाग सूचनापत्राप्रमाणे न जोडता एका किटाचे बाह्यांग, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचा सांगाडा आणि चौथ्याची चाके घेऊन ड्रॅग रेसिंगची मोटार उभी करणे हा तेथील एक रूढ प्रघात आहे. अशी प्रतिकृती कोणत्याही एका किटाशी प्रामाणिक नसते, आणि बहुधा रस्त्यावर धावलेल्या कोणत्याही एका मोटारीशीही नसते. मग ती कशाशी प्रामाणिक असते? हा प्रश्न केवळ छंदिष्टांपुरता नाही. अनुकृती म्हणजे काय, या जुन्या प्रश्नाचे ते एक छोटे, पण अडचणीचे रूप आहे.

मूळ वस्तूचे स्वरूप

ड्रॅग रेसिंग ही सरळ रेषेतील शर्यत होय. दोन मोटारी शेजारी-शेजारी, थांबलेल्या स्थितीतून सुटतात आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर जी प्रथम पार करील ती जिंकते. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर वाढलेल्या या खेळाला वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने नियमांची चौकट दिली. मोटारीचे वजन आणि इंजिनाचे घनमाप यांच्या गुणोत्तरावर आधारलेले वर्ग ठरले. त्यांपैकी साध्या पेट्रोलवर धावणाऱ्या मोटारींचा 'गॅस' हा वर्ग आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. या वर्गातील मोटारींना 'गॅसर' म्हणत, आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचा विशेष बोलबाला होता.

गॅसर कशी बनत असे हे पाहणे उद्बोधक आहे. अनेकांची पहिली पसंती असे ती १९४० च्या आसपासच्या विलिस कूपेला. विलिस हे नाव आपल्याकडे जीपमुळे परिचित आहे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्रने मुंबईत ज्यांची जुळणी सुरू केली त्या जीप याच कंपनीच्या. ही कूपे लहान, हलकी आणि मुळात स्वस्त. तिच्यात चार सिलिंडरचे बेताचे इंजिन असे. ते काढून टाकून तेथे क्रायस्लरच्या आलिशान मोटारींसाठी बनलेले, अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे 'हेमी' इंजिन बसवीत. १९५७-५८ सालचे ३९२ घनइंचांचे हेमी विशेष मागणीचे होते. इंजिनाच्या माथ्यावर सुपरचार्जर चढे, तो जनरल मोटर्सच्या ६-७१ या डिझेल इंजिनावरचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, असा त्या आकड्यांचा अर्थ. हे इंजिन मालमोटारी, बसगाड्या आणि महायुद्धातील सैन्य उतरविण्याच्या नौका यांच्यासाठी वापरले गेले होते, आणि त्यावरील हवेचा पंखा हा द्विघाती इंजिनातील जळका वायू बाहेर ढकलण्यासाठी होता. शर्यतीशी त्याचा काही संबंध नव्हता. मागचा ॲक्सल पुष्कळदा ओल्डस्मोबिलचा, तर पुढचा सरळ दांड्याचा ॲक्सल एखाद्या व्हॅनखालून काढलेला असे. सुटताना वजन मागील चाकांवर जावे म्हणून नाक उंच ठेवले जाई. 

म्हणजे मूळ वस्तूच मुळात मिश्र होती. गॅसर कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडली नाही. भंगारखान्यांतून, जुन्या बसगाड्यांतून आणि अपघातात मोडलेल्या श्रीमंती मोटारींतून गोळा केलेल्या अवयवांची ती जुळणी होती. ही बाब लक्षात घेतली की लेखारंभीचा प्रश्न उलटा होतो. एकाच पेटीतील, एकाच साच्यातून निघालेले, एकमेकांत अचूक बसणारे भाग जोडून केलेली गॅसरची प्रतिकृती आकाराने कितीही बिनचूक असली, तरी तिच्या निर्मितीचा व्यापार मूळ वस्तूच्या निर्मितीव्यापाराला पारखा असतो. मिश्र-किट प्रतिकृती आकारात एखाद्या मिलिमीटरने चुकेल, पण ती ज्या पद्धतीने घडते ती पद्धत मात्र मुळातलीच आहे. पहिली परिणामाचे अनुकरण करते, दुसरी क्रियेचे. माझ्या मते दुसरे अनुकरण अधिक खोल आहे.

पेटी आणि पेटीबाहेर

किट-उद्योगाने या वृत्तीला एका अर्थी स्वतःच खतपाणी घातले. एएमटी कंपनीने १९५८ पासून आपल्या वार्षिक किटांत 'एकात तीन' अशी योजना आणली. त्याच पेटीतून मोटार मूळ स्वरूपात, सजविलेल्या स्वरूपात किंवा शर्यतीच्या स्वरूपात बनविता येई. साहजिकच प्रत्येक पेटीतील बरेच भाग वापराविना उरत. हे उरलेले भाग फेकून न देता डब्यात साठविले जात. पुढे १९६० च्या दशकात रेव्हेलने इंजिने आणि शर्यतीचे अन्य भाग सुटे विकावयासही आरंभ केला. यावर कोणी असा आक्षेप घेईल, आणि तो वावगा नाही, की हे स्वातंत्र्य विक्रेत्यानेच आखून दिलेले आहे. ॲडोर्नो आणि होर्कहायमर यांनी संस्कृति-उद्योगाची जी चिकित्सा केली तिच्या प्रकाशात पाहता तीन पर्यायांतून एक निवडण्याचे स्वातंत्र्य हे ग्राहकाला दिलेले खेळणेच ठरते. परंतु डब्यातल्या साठ्याची गती निराळी असते. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या भागाला जोडण्याची सोय कोणीही केलेली नसते. तेथे सूचनापत्र संपते, आणि जोडणाऱ्याला प्रथमच विचार करावा लागतो.

या ठिकाणी प्रत्यक्ष कामाचा थोडा तपशील देणे भाग आहे, कारण सौंदर्यविचार वस्तूच्या द्रव्याला स्पर्श न करता केला की तो पोकळ होतो. पहिली अडचण प्रमाणाची. एएमटी, एमपीसी, जो-हॅन यांच्या मोटारी सामान्यतः १:२५ प्रमाणात, तर मोनोग्रॅमच्या १:२४ प्रमाणात असत. फरक चार टक्क्यांचा, ऐकताना क्षुल्लक वाटणारा. पण ३० इंच व्यासाचे मागचे टायर १:२५ मध्ये साडेतीस मिलिमीटरचे होते आणि १:२४ मध्ये पावणेबत्तीस मिलिमीटरच्या आसपास जाते. सव्वा मिलिमीटरचा हा फरक चाकाच्या कमानीखाली लगेच डोळ्यांत भरतो. गंमत अशी की टायरांच्या बाबतीत तो खपून जातो, कारण खऱ्या मोटारींची टायरे लहानमोठी असतच. इंजिनाच्या बाबतीत जाणकार तो सहसा क्षमा करीत नाही. आणि चालकाच्या आसनाच्या बाबतीत तर तो मुळीच खपत नाही, कारण मनुष्यदेहाचे माप प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. कोणती चूक दिसते आणि कोणती दडते, याचे हे ज्ञान कोणत्याही सूचनापत्रात नसते.

दुसरी अडचण द्रव्याची. किटांचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असते. त्याचा डिंक खऱ्या अर्थाने डिंक नव्हे. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो, म्हणजे ते एक प्रकारचे वेल्डिंगच. पण चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर तो चालत नाही. मुलाम्याचा थर जोडाच्या जागी खरवडावा लागतो, आणि तेवढ्या जागी चमक कायमची जाते. मऊ व्हिनाइलची जुनी टायरे तर याहून विश्वासघातकी. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य काळाच्या ओघात झिरपून शेजारच्या पॉलिस्टायरीनच्या चाकाला खाऊ लागते, आणि वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेल्या संचात टायर चाकात रुतलेले आढळते. वेगवेगळ्या कुळांतील भाग एकत्र आणताना त्यांचे एकमेकांशी वैरही सोबत येते, हे येथे रूपक म्हणून म्हटलेले नाही.

तिसरी अडचण जागेची. हेमीचे शीर्षभाग रुंद असतात. विलिसच्या अरुंद नाकात ते मावत नाहीत. मग इंजिन मागे सरकवावे लागते, त्यासाठी इंजिनकक्षाची मागची भिंत कापावी लागते, आणि भिंत मागे गेली की चालकाचे पाय कोठे जाणार हा प्रश्न उभा राहतो. हे सर्व प्रश्न खऱ्या गॅसरच्या निर्मात्यापुढेही याच क्रमाने उभे राहिले होते. गॅस वर्गाच्या नियमांत इंजिन मागे सरकविण्याची मर्यादा चाकांमधील अंतराच्या १० टक्के होती. चाकांमधील अंतर १०० इंच धरले तर ही सवलत १० इंचांची होते. १:२५ प्रमाणात ती जेमतेम १० मिलिमीटर. डिंक लावण्यापूर्वी सर्व भाग नुसते टेकवून पाहण्याच्या अवस्थेत, म्हणजे कोरड्या जुळवणीत, मांडणारा या १० मिलिमीटरांशी झगडत असतो. येथे त्याची कसोटी लागते. ११ मिलिमीटर केले तर सारे सुरळीत बसेल आणि कोणाला कळणारही नाही. पण ती मोटार त्या वर्गातून बाद होईल.

व्याकरण आणि चित्रतुरग

लेखारंभीच्या प्रश्नाचे उत्तर या बाद होण्याच्या भीतीत आहे. मिश्र-किट प्रतिकृती एखाद्या मोटारीशी नव्हे, तर एका व्याकरणाशी प्रामाणिक असते. अमुक साली, अमुक वर्गात, अमुक साधने हाताशी असता अशी मोटार होऊ शकली असती काय, हा तिचा निकष. ॲरिस्टॉटलने इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकणारे सांगते असा जो भेद केला, तो येथे अनपेक्षितपणे लागू पडतो. एखाद्या प्रसिद्ध मोटारीची हुबेहूब प्रतिकृती हा इतिहास. मिश्र-किट प्रतिकृती हे, मोठ्या शब्दाबद्दल क्षमा असावी, काव्य. आणि काव्याप्रमाणेच तिच्यात अशक्य गोष्टीपेक्षा असंभाव्य गोष्ट अधिक खटकते. १९६३ सालच्या गॅसरवर १९६४ साली आलेले ४२६ घनइंचांचे हेमी बसविणे ही व्याकरणाची चूक आहे, मग ते कितीही सफाईने बसविलेले असो.

आपल्या परंपरेत श्रीशंकुकाने रसप्रतीतीच्या संदर्भात मांडलेला चित्रतुरगन्याय येथे अधिक उपयोगी आहे. चित्रातील घोडा पाहताना होणारे ज्ञान सत्य ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे; ते या चारींहून वेगळे आहे. हुबेहूब प्रतिकृतीपुढे आपण अखेर सादृश्यापाशीच थांबतो. मूळ मोटारीचे छायाचित्र समोर ठेवतो आणि फरक मोजतो. मिश्र प्रतिकृतीपुढे मोजण्यासाठी मूळच नसते. तरीही पाहणारा 'ही गॅसर आहे' असे म्हणतो, आणि ते म्हणणे ना खरे असते ना खोटे. शंकुकाचा घोडा शेकडो अश्वशक्तींच्या मोटारीत असा पुन्हा भेटावा, याची मौज वाटते.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्या १९६२ सालच्या ग्रंथातील पहिले प्रकरण या विषयासाठीच लिहिले असावे असे वाटते, कारण त्यात दोन कल्पना शेजारी-शेजारी येतात. एक 'ब्रिकोलर'ची : हाताशी असलेल्या, पूर्वी दुसऱ्याच कामासाठी बनलेल्या वस्तूंतून नवे काही उभे करणारा. मराठीत त्याला जुळणीकार म्हणता येईल. 'जुगाडू' या शब्दात उपहास अधिक आहे. दुसरी कल्पना लघुप्रतिकृतीची : आकार लहान केल्याने अवयवांआधी समग्राची प्रतीती होते, आणि वस्तू मनुष्याने रचलेली असल्यामुळे पाहणाऱ्याला तिच्या अन्य संभाव्य रचनाही जाणवू लागतात. वाचक या दोन कल्पनांचे दाखले सहसा वेगवेगळे देतात. मिश्र-किट मोटारीत त्या एका वस्तूत एकत्र येतात, आणि दुसऱ्या कल्पनेतील अन्य रचनांची जाणीव तर येथे अक्षरशः खरी असते. ते अन्य पर्याय डब्यात पडलेलेच असतात. लेव्ही-स्त्रोस यांनी जुळणीकार आणि अभियंता यांत केलेला भेद देरिदा यांनी १९६६ च्या व्याख्यानात संशयास्पद ठरविला, कारण सारे काही शून्यातून रचणारा अभियंता हीच एक मिथ्यकथा आहे. गॅसरचा इतिहास देरिदांच्या बाजूने साक्ष देतो.

मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी या वस्तूचे रूप चांगले उलगडता येते. वर उचललेले नाक आणि मागे दबलेले जाड टायर यांतील विरोध, गोलसर जुन्या बाह्यांगातून उफाळून वर आलेला सुपरचार्जरचा धारदार ठोकळा, आणि या दोहोंना तोलून धरणारी खिडक्यांची बुटकी रेषा. पण एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. नाक उंच का, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते केवळ ऐटीचे वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात सुटण्याच्या क्षणाचा ताण दिसेल. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव असल्याचे प्रतिपादन केले. या छोट्या वस्तूपुढे उभे राहिले असता एका ध्रुवावरून काम भागत नाही, याचा प्रत्यय येतो.

सांधा

आता गुणदोषांकडे वळतो. या प्रतिकृतींच्या स्पर्धांत सर्वाधिक गुण बहुधा सांधा न दिसण्याला मिळतात. पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, त्यावर प्रायमरचा करडा थर देऊन सर्व भाग एकवर्ण केले जातात, आणि मग रंगाचे चकाकते थर चढतात. कौशल्य म्हणून हे वादातीत आहे. पण त्यात एक विसंगती आहे. ज्या वस्तूचे सत्त्व मिश्रणात आहे तिचे मिश्रण लपविण्यात धन्यता मानावयाची! पिकासोने १९४२ साली सायकलचे आसन आणि मूठदांडा जोडून बैलाचे मस्तक केले. तेथे आसन आसन म्हणूनही दिसत राहते, आणि त्या दुहेरी दिसण्यातच कृतीचे मर्म आहे. आपल्या गोधडीतही ठिगळ आपले मूळ लुगडे विसरत नाही.

प्रायमरपूर्वीची अवस्था मला म्हणूनच अधिक बोलकी वाटते. पांढरे बाह्यांग, लाल सांगाडा, काळे आसन, करडी भिंत, मुलाम्याचे इंजिन, मधूनमधून पुट्टीचे डाग. त्या वेळी प्रत्येक भागाचा वंश वाचता येतो. काही मांडणारे या टप्प्यावर छायाचित्र काढून ठेवतात आणि मग रंगवितात. म्हणजे त्यांनाही काहीतरी हरवते आहे याची जाणीव असावी. अर्थात याला उत्तर आहे. खऱ्या गॅसरही रंगविल्या जात, उलट अतिशय भपकेबाज रंगविल्या जात. टॉम वुल्फ यांनी १९६३ साली कॅलिफोर्नियातील मोटारसजावटीवर लिहिताना या चकाकीकडेच अभिजनांचे लक्ष वेधले होते. तेव्हा रंगणे हेही मूळ क्रियेचेच अनुकरण ठरते. हे उत्तर मला मान्य आहे, फक्त त्याने विसंगती मिटत नाही, तर ती मूळ वस्तूपर्यंत मागे जाते.

याहून गंभीर प्रश्न वगळण्याचा आहे. १:२५ प्रमाणात पाव मैल १६ मीटरचा होतो. एखाद्या वर्गखोलीच्या दीड-दोन लांबीइतका. आकारासोबत आवाज, इंधनाचा दर्प आणि भय यांचेही प्रमाण कमी होत नाही. ती शून्यच होतात. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसनजीकच्या लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरची गियरपेटी फुटली, मोटार मधोमध तुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. रुग्णशय्येवर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा विचार पक्का केला, १९७१ साली तशी मोटार यशस्वी करून दाखविली, आणि काही वर्षांतच पुढे इंजिन असलेली ड्रॅगस्टर शर्यतीतून नाहीशी झाली. मांडणारा आज दोन किटे समोर घेऊन इंजिन पुढे ठेवावे की मागे, हा रूपाचा पर्याय म्हणून निवडतो. मुळात तो पर्याय एका पायाच्या मोलाने आला होता. प्रतिकृती ही गोष्ट सांगू शकत नाही. तिच्याकडून ती अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल, पण समीक्षकाने ती नोंदवू नये असे नाही.

एक वगळणे मात्र टाळता येण्याजोगे आहे. रेव्हेलच्या जुन्या विलिस-किटाने 'स्टोन, वुड्स अँड कुक' या संघाची मोटार घरोघर नेली. फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स हे कृष्णवर्णीय मालक, डग कुक हा गौरवर्णीय चालक. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होण्यापूर्वीच हा संघ कॅलिफोर्नियाच्या पट्ट्यांवर प्रेक्षकांना खेचत होता. मोटारीच्या आकारात यातले काहीही नाही. बाह्यांग इतर कोणत्याही १९४१ च्या विलिससारखेच आहे. तो सारा इतिहास पेटीतील पाण्याने उतरणाऱ्या चिकटचित्रांच्या एका कागदावर, दारावर लावावयाच्या तीन आडनावांत आहे. मिश्र-किट प्रतिकृती करणारा बाह्यांग घेतो, त्यावर आपल्या कल्पनेतील संघाचे नाव लिहितो आणि तो कागद पेटीत तसाच ठेवतो. वर्षांनी पेटी उघडली तर कागद पिवळा पडलेला असतो. पाण्यात टाकताच चित्रांचे तुकडे होतात. चांगले मांडणारे यावर पारदर्शक लाखेचा पातळ थर देऊन ती अक्षरे वाचवितात. ती नव्या मोटारीच्या दारावर लावता येत नाहीत, कारण ती मोटार त्या संघाची नाही. म्हणून काहीजण कागद तळाशी, सांगाड्याच्या आतल्या बाजूस चिकटवितात, जेथे बाह्यांगाचा मूळ धनी कोण होता हे मोटार उलटी केल्यावरच वाचता येते.